जाई कुठली, याची साक्ष

ती. आक्कास,

मानसिंगचा खारघरहून वाकून नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची चोरी (शेजारचे लगेच बेल वाजवतात, एरवी कधी येत नाहीत). गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

उशिराचं कारण जाई. सुधीर-नमिताने अमेरिकेतून नात माझ्याकडे पाठवली, इथल्या शाळेत घातली, हे तुला ठाऊक आहेच. तर गॅदरिंगला शाळेने तिला ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ म्हणून परक्या झेंड्याखाली उभं केलं. परदेशी म्हणजे पाहुणी, आणि पाहुणी म्हटली की आज ना उद्या जाणारच.

आपल्या गावात माणूस कुठला हे ठरवायला चार जण साक्षीला नेतात. इथे चार आणू कुठून? सोसायटीत सगळी लिफ्टपुरती ओळख. शेवटी दिवाळे कोळीवाड्यातून दारावर मासे घेऊन येणारी सुंदराबाई, तिलाच नेलं. तिने माशांची पाटी शाळेच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवली (वर पंखा चालू, त्यामुळे आमचं म्हणणं सगळ्या वर्गांपर्यंत पोचलं). मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, “आजोबा, पासपोर्ट अमेरिकेचा आहे.” सुंदराबाई उसळली, “पासपोर्टाला काय इचारता? पोरीला इचारा! बोंबील काट्यासकट खाते ती. म्हने परदेशी!”

मॅडमनी नाकाला रुमाल लावून समजावलं. नागरिकत्व वेगळं, तिथे अमेरिकाच राहणार. आंतरराष्ट्रीय म्हणजे केवळ शिकायला बाहेरून आलेलं मूल. जाई आपल्या माणसांत राहते, म्हणून शाळेच्या लेखी ती इथलीच. चूक शाळेची होती, दुरुस्त करून दिली. मी शिपायालासुद्धा पेढा दिला. जिंकलो, आक्का!

तुझा,
मानसिंग

ता. क. जाई गेल्या रविवारी गेली. जिंकल्याचं मीच सुधीरला कौतुकाने कळवलं होतं, की पोर आता इथलीच झाली. तो घाबरला आणि येऊन घेऊन गेला.

ता. क. २. तिथल्या शाळेने तिला ‘भारतातून आलेली’ म्हणून वेगळ्या वर्गात बसवलंय म्हणे. नागरिक तिथलीच, तरी! सुंदराबाई म्हणते, तिकीट काढा, मी येते साक्षीला.

ता. क. ३. तू थोडे दिवस राहायला ये. जाईची खोली झाडून ठेवली आहे. सुंदराबाई रोज दारात विचारते, बोंबील किती मानसांचं देऊ? तिला काय सांगू, तेवढं लवकर कळव.