कॅमेरा कुठला घेऊ, विचारलंस म्हणून

प्रिय ठमे,

लेकीचे फोटो काढायला कुठला कॅमेरा घेऊ, हे तू आईला विचारलंस आणि आईने फोन कानाला तसाच धरून मला विचारलं. अडीच वर्षं आपलं बोलणं असंच तिच्यामार्फत चाललंय. पण कॅमेऱ्याचं उत्तर तिच्याकरवी दिलं असतं, तर तू वॉशिंग मशीन घेऊन घरी आली असतीस. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक कर, मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नकोस. दुकानदार तोच तोंडावर फेकेल. अगं, कलिंगडाच्या फोडी बारा करा नाहीतर पन्नास, कलिंगड काही वाढत नाही. बघायचा तो सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली पट्टी. ती मोठी असेल तर संध्याकाळी खोलीतही फोटो स्वच्छ येतो. खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा झूम झकास, पण पट्टी नखाएवढी. उजेड कमी झाला की गालांवर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. माझ्यासारखा डीएसएलआर घेशील, तर एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात ते धूड. नकोच. मिररलेस घे. आत आरसा नाही म्हणून हलका, आणि पट्टी मोठी. वापरलेला मिळाला तरी चालेल. तोवर फोनही काही वाईट नाही. बाळाला खिडकीपाशी घे आणि फ्लॅश बंद ठेव, भिंतीवर लावण्याजोगा फोटो येईल. हे स्टुडिओत बोललो तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून कुणाला सांगू नकोस.

स्टुडिओ बरा चाललाय. पासपोर्ट फोटोंसाठी मागचा पडदा बदलला, राखाडी घेतला. निळ्यापुढे माणसं आजारी दिसतात, हे तुझं म्हणणं खरं होतं. मान्य करायला मला सहा वर्षं लागली.

रविवारी तू आईला फोटो पाठवलास, बाळाला मांडीवर घेतलेला. आई बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघत होती (तिच्यावर, असं तिचं ठाम मत आहे). मी तुझा चेहरा मोठा करून बघत होतो. डाव्या भुवईवरची खूण दिसेना. चष्मा पुसला. स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर उघडून पाहिला. नव्हतीच! सगळा चेहरा मेणासारखा गुळगुळीत. तुझ्या फोनमधलं ते चेहरा सुंदर करणारं सेटिंग चालू असणार, त्याने कुणाला न विचारता पुसून टाकली. असा राग आला म्हणून सांगू! माझ्या पोरीच्या चेहऱ्याला हात लावणारा हा कोण उपटसुंभ? आणि मग आठवलं. तुझ्या लग्नाच्या दोनशे बारा फोटोंतून तीच खूण मी स्वतः, एकेक फोटो घेऊन पुसली होती. अल्बम परत पाठवताना तू चिठ्ठीत लिहिलंस की या मुलीला मी ओळखत नाही. तेव्हा मीच चिडलो. महिनाभर खपलो त्याचं चीज नाही, म्हणालो.

तुला वाटलं, बाबांना आपल्या चेहऱ्यात खोट दिसते. तसं नव्हतं गं. तू चार वर्षांची असताना स्टुडिओतला दिव्याचा स्टँड तुझ्यावर पडला. त्याचा स्क्रू मी घाईत आवळलाच नव्हता. घरी येऊन सांगितलं, पोर धावताना अडखळली. टाके तुला पडले आणि बोलणीही तूच खाल्लीस. त्या फोटोंतून मी तुझा व्रण पुसत नव्हतो, माझी चूक पुसत होतो. चुकलो, ठमे. काल आईलाही सगळं सांगितलं. आता ती माझ्याशी तुझ्यामार्फत बोलणार आहे म्हणे. मूळ फाइली मी जपून ठेवल्या होत्या. अख्खा अल्बम पुन्हा छापलाय, खुणेसकट. टपालावर माझा भरवसा नाही. तू हो म्हणालीस तर स्वतः घेऊन येतो, आणि तुझे नि बाळाचे फोटो खिडकीपाशी मीच काढतो. तोवर ते सेटिंग बंद कर आणि तुझा एक फोटो पाठव. या वेळी माझ्या फोनवर.

पुसण्याचं काम कायमचं सोडलेला,
तुझाच,
बाबा