थोडासा स्नॅग

प्रिय खुशी,

फोन न करता चिठ्ठी पाठवली म्हणून दचकू नको. सोमवारी तुझा मेसेज आला, ‘माय, घरी थोडासा स्नॅग आहे. काळजी करू नको. फोन करू नको.’ तो शब्द मला कळला नाही. शेवटचं वाक्य मात्र कळलं.

शेजारच्या नंदलाल गुरुजींकडे गेले. हा शब्द टीव्हीवर ऐकला, असं त्यांना खोटंच सांगितलं. त्यांनी डिक्शनरी उघडली. खिळ्यात कापड अडकून फाटलं, तो स्नॅग. तलावात पाण्याखाली खोड असतं, वरून दिसत नाही, जाळं त्यात अडकतं, तोही स्नॅग. विमानात बिघाड झाला तरी स्नॅग. आणि बारीकशी अडचण आली तर लोक सहज म्हणतात, तोही. “यातला कोणता पायजे?” गुरुजींनी विचारलं. म्हटलं, शेवटचा. बारीकशी अडचण, बारीकशी अडचण, असं मनाला समजावत घरी आले.

पण धान कापणीच्या वेळी तू एकटीच आली होतीस, ते डोळ्यांपुढून हलेना. तुझ्या पिवळ्या कुर्त्याची बाही खांद्यापासून निघालेली. बसच्या दारात खिळा होता म्हणालीस. मी सुई-दोरा घेऊन बसले. खिळ्यानं कापड एका जागी फाटतं गं. ही तर अख्खी शिवण ओढून उसवलेली होती. तेव्हाच विचारायचं होतं, काऊन वो बाई, कोनं फाडलं? नाही विचारलं. भुपेंद्रसारखा जावई शोधून सापडणार नाही, असं मीच गावभर सांगत फिरले होते. बाही शिवली आणि दुसऱ्या दिवशी तुला नागपूरच्या बसमध्ये मीच बसवून दिलं.

काल तुझ्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “कायले चूप बसून राहिली होती इतके दिवस?”

तुझा फोन भुपेंद्र पाहतो, हे त्या मेसेजवरून मला समजलं. म्हणून ही चिठ्ठी बाबांच्या हाती देते आहे. वाचतेस तेव्हा ते तू शिकवतेस त्या शाळेच्या फाटकात, तुझ्यासमोरच उभे असतील. त्यांना काही विचारत थांबू नको. कपडे घ्यायलासुद्धा घरी जाऊ नको. आहेस तशी त्यांच्यासोबत निघ. गावात कोण काय विचारतं ते मी पाहीन. दुपारपासून इथं देवरीच्या बस स्टँडवर असेन मी. तू बसमधून उतरेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझीच,
माय