माझ्या नावावरचा व्यायाम

४ मार्च
डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. सरळ नकार नाही. आधी दहा किलो उतरवा, मग गुडघा बदलू, जूनमधली तारीख धरून ठेवतो, म्हणाले. हे सांगताना स्वतः बिस्किट खात होते. येताना ॲम्ब्युलन्सच्या दोन माणसांनी नेहमीप्रमाणे खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. दोन वर्षं झाली, मी अशीच खाली जाते आणि अशीच वर येते. कपाटासारखी. जूननंतर स्वतःच्या पायांनी उतरणार. ठरलं.

९ मार्च
लेकीचं पार्सल आलं. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. वरचा कॅमेरा आपल्याला बघतो, आपण हललो की मार्क देतो. फोनवर म्हणाली, आई, घराबाहेर न पडता वजन उतरतं, आमच्या ऑफिसात सगळ्यांचं उतरलं. तिच्या ऑफिसातले सगळे मी पाहिले आहेत. असो.
यांनी वायरी जोडल्या. सूचना मोठ्याने वाचल्या. मी उच्चार सुधारले. सकाळ गेली, दोघंही दमलो. व्यायामाची सुरुवात चांगली झाली.

१० मार्च, सकाळी
पडद्यावर एक बाई येते. अंगात हाडं नाहीत. रबरबाई नाव ठेवलं. गुडघा छातीपर्यंत उचला म्हणते. म्हटलं, बाई गं, तो उचलता आला असता तर तुला घरात घेतलं असतं का? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ड्रिल घ्यायच्या, तेव्हा तोंडातून अवाक्षर निघत नसे. ही सारखी किंचाळते. शिस्त नाही.

१२ मार्च
बॉक्सिंग. खुर्चीत बसून. हवेत चार ठोसे मारले, मशीन म्हणालं एक्सलंट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं सुपरवायझर होते, पण निवृत्तीच्या दिवशीसुद्धा कोणी एक्सलंट म्हटलं नाही. भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडतं.
टोस्टला लोणी जरा जास्त लावलं. ताकद लागते.

१५ मार्च
गुडघा सुजला. विश्रांती. पण अडचण अशी की रोज खेळलं नाही तर पडद्यावरची मशाल विझते आणि ते लेकीला तिच्या मोबाइलवर कळतं. लगेच फोन. आई, आज कंटाळा का? बालवाडीतल्या मुलांशी बोलतात तसं.
म्हणून यांना उभं केलं. आजच्यापुरतं. हे म्हणाले, अगं, नाव तुझं आणि उड्या मी मारायच्या? म्हटलं, त्यात काय? आपलं सगळं जॉइंटच आहे. बँकेचं खातं, लायब्ररीचं कार्ड, डॉक्टरांची फाइल. खात्यात पैसे कोणीही भरले तरी जमा होतातच ना. यांना पटलं. यांना लवकर पटतं.
मशाल पेटली.

१९ मार्च
सूज आहे. हेच करताहेत. मी खुर्चीतून देखरेख करते. डावा हात, डावा, तो उजवा झाला. देखरेखीला कमी कष्ट पडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एक्स्चेंजमध्ये एक पाळी करून बघावी.

२८ मार्च
लेकीचा फोन. आई, तू तिसऱ्या लेव्हलला गेलीस, मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. थँक यू म्हटलं. हे शेजारी टॉवेलने घाम पुसत होते. यांनी मान हलवली. मला काही वाटलं नाही.

६ एप्रिल
खालच्या मजल्यावरची तक्रार घेऊन आली. म्हणाली, मावशी, रोज सकाळी डोक्यावर धाडधाड होतं, आमचा पंखा हलतो. म्हटलं, माझा व्यायाम चालू असतो, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. यांच्या कपाळावर पट्टा होता. सावकाश करा काका, म्हणाली आणि गेली. सावकाश म्हणे. पंखा घट्ट बसवून घ्या की.

२० एप्रिल
हे जेवण अर्ध्यावर सोडतात. पोट जड झालं की उडी नीट बसत नाही म्हणतात. अन्न टाकायचं नाही हे कॉन्व्हेंटमध्ये ठोकून शिकवलेलं. ते मी संपवते. शिवाय यांच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. टोचा दाबताना खांद्यापासून जोर लागतो. रबरबाईच्या यादीत हा प्रकार नाही.

८ मे
वजनकाटा बिघडलेला आहे. कुंडीखाली ठेवला. कुंडी छान दिसते.

१७ मे
गाऊन खांद्यात उसवला. वॉशिंग मशीन कपडे आटवतं. यांचे मात्र आटवत नाही, उलट ढगळ होताहेत. हे म्हणाले, उद्यापासून तू थोडं हातांचं तरी कर, तारीख जवळ आली. म्हटलं, आता मधेच माणूस बदलला तर मशीन गोंधळेल. आधीच सातवी लेव्हल. यांनी पुढची उडी मारली. वूहू म्हटलं. हेही आता किंचाळतात.

१२ जून
डॉक्टर. खाली नेताना जिन्याच्या वळणावर खुर्ची टेकवून एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, मागच्या वेळेपेक्षा जड नाही का रे? म्हटलं, तुम्ही अशक्त झाला असाल.
काट्यावर उभी राहिले. काटा हॉस्पिटलचा. तिथे कुंडी नव्हती. चार किलो वाढले.
मी डॉक्टरांना मार्क सांगितले. सातवी लेव्हल. मशाल एकदाही विझली नाही. लेकीने पाठवलेले मार्कांचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो बघितले, मग यांच्याकडे बघितलं. यांनाही काट्यावर उभं केलं. म्हणाले, वा काका, तुम्ही करता तरी काय? हे चपलांकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, हे माझं करतात.
डॉक्टरांनी फाइल मिटली. मग म्हणाले, जूनची तारीख दुसऱ्या पेशंटला देतो, तुमचं डिसेंबरमध्ये बघू. वजन उतरलं तर.
वर येताना हे पुढे पळाले, दार उघडायला. दोन दोन पायऱ्या घेत. मी खुर्चीतून बघत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा यांना धापही लागली नव्हती. मला लागली होती.
लेकीला सांगितलं, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. डॉक्टरांचं असंच असतं, म्हणाली.

१३ जून
काही नाही.

१७ जून
हे आता बाहेर फिरायला जातात. घरात उड्या मारून कंटाळा आला म्हणतात. बागेत चौघंजण भेटलेत. एकजण पोहायला चल म्हणतो. म्हटलं, जा. गेले.

२१ जून, सकाळी
हे बागेत. मीच टीव्ही लावला. खुर्ची मागे सरकवली, टेबलाला धरून उभी राहिले. रबरबाई आली. मशीनने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, नवीन खेळाडू आहे का? दोन बटणं. मी ‘नाही’चं बटण दाबलं. खातं माझं आहे, नाव माझं आहे, लेकीने माझ्यासाठी पाठवलं.
मशीन शोधत राहिलं. एक गोल फिरत होता. मी हात वर केला. दुसरा टेबलावर होता.
मग पाटी आली. खेळाडू दिसत नाही. कॅमेऱ्यासमोरचा अडथळा दूर करा.
थोडा वेळ उभी राहिले. मग बाजूला झाले.