नवस तुमचा, मोडला मी

सोनाबाई विहीणबाई,

रामराम घ्या. घ्यायचा नसला तरी घ्या, परत करायला तुम्ही काही येत नाही.

आज आपल्या नातीचा, सुनंदाचा, दुसरा वाढदिवस. आणि आज सकाळी मी तिचं जावळ काढलं. पोखर्णीला नाही, नरसिंहाच्या दारात नाही. तुमच्याच अंगणात, न्हाणीपाशी, हातातल्या कातरीनं. तुम्ही बोललेला नवस मी मोडला. तुमचे चिरंजीव म्हणाले, "मग तुमीच सांगा मायला." म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळायला नको.

तुम्हाला पत्र लिहायचं मला काही नवीन नाही. दुसरी यत्ता शिकलेय मी. तुम्हाला तेवढंही येत नव्हतं, हे मी दर कार्डात आठवणीनं लिहायचे. जावईबापू पडले मास्तर. ते तुम्हाला कार्ड वाचून दाखवायचे आणि टोमणे गाळून वाचायचे! माझ्या कमलनंच मला सांगितलं मागं. मी लिहायचे, "माझी लेक तुमच्या घरी वाळून चिपाड झाली, तिला तुपाचा डबा तरी दावा." ते वाचायचे, "सर्वांची खुशाली कळवावी." तरीच मी म्हणायचे, ही बाई एवढी गोड उत्तरं कुठून देते? उत्तरं पण तेच लिहायचे ना! तुम्ही खरं काय काय सांगितलं असेल, ते राहूनच गेलं. आता गाळायला मधी कुणी नाही. आता सगळं ऐका.

पोरगी माझ्या घरी झाली, पालमजवळच्या आमच्या खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. पण आठव्या महिन्यातच झाली. सुईण हात धुता धुता म्हणाली, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत न्हाई." पौषातली थंडी. पोरगी खारीएवढी. रडायचीसुद्धा ताकद नाही, नुसतं तोंड उघडायची अन् मिटायची. कमलला दूध उतरेना. तुम्हाला निरोप धाडला तो मी हातचं राखून धाडला, म्हणलं विहीण म्हणजे मानाची बाई, बारशाला येईल, तोवर पोरगी राहते का जाते ते बघू.

आणि तुम्ही कापसाच्या ट्रकातून माझ्या दारात उतरलात. हातात शेळीची दोरी!

"विहीणबाई, हे काय?"

"दिसंना व्हय? शेळी हाय."

"आमच्या गावात शेळ्या न्हाईत का?"

"असतील की. पर ही काय खाती ते मला ठाव हाय. तुमच्या गावातल्या शेळ्या काय खात्यात अन् तुमी काय खाता, देवाला ठाव."

मी पाय धुवायला पाणी घेऊन उभी, आणि तुम्ही तशाच धुळीच्या पायानं बाळंतिणीच्या खोलीत. मी घातलेल्या गोधड्या फेकल्यात. "दबून मरंल ती." ओसरीवर आमचा नवा कापूस पडला होता, त्यातला ओंजळ ओंजळ घेऊन हातानं सरक्या काढल्यात, सुपात मऊ घरटं केलंत आणि पोरीला त्यात ठेवलंत. मी म्हणाले, "बाजारात न्यायची का आता?" तुम्ही म्हणालात, "गप बसा अन् दूध तापवा."

मला माझ्या घरात गप बस म्हणणारी तुम्ही पहिली. माझ्या मालकाचीसुद्धा छाती झाली नव्हती.

मग आपण दोघी बसायचो बोळा घेऊन. कापसाचा बोळा दुधात बुडवायचा, पोरीच्या ओठावर थेंब पाडायचा, गिळला का बघायचं. माझा थेंब मोठा पडतो म्हणून तुमची कटकट. तुमच्या हाताला तंबाखूचा वास म्हणून माझी. तुमच्या शेळीनं माझ्या परसातला सगळा शेवगा ओरबाडून खाल्ला. भरपाई मागितली तर म्हणालात, "नातीच्याच पोटात गेला की."

एकदाच आपलं एकमत झालं. पोरीचं पोट फुगलं, तर गल्लीतली म्हातारी विळ्याचं टोक लाल करून घेऊन आली. डाग दिला की उतरतं म्हणे. मी दार अडवलं. तुम्ही उठलात, पदर बाजूला केलात, स्वतःचं एवढं मोठं पोट पुढं काढलंत आणि म्हणालात, "आधी इथं दिऊन दाव. हे बी लय वर्सापासून फुगलंय." म्हातारी विळा टाकून पळाली. मी हसले होते त्या दिवशी. तुम्ही पण. लगेच दोघींनी तोंडं फिरवली, पण हसलो होतो.

मग पुढचा पावसाळा. पोरगी इथं तुमच्याकडं आली होती. छाती भरली, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मी पालमहून आले, तुम्ही देवगाव फाट्याहून. खाटेपाशी एकच बाई राहू देत होते. आई म्हणून कमल राहिली. आपण दोघी बाहेर व्हरांड्यात, एकाच खांबाला टेकून, पाठीला पाठ लावून.

तिथं तुम्ही नवस बोललात. हळू बोलायचं तुम्हाला कुठं येत होतं? अख्ख्या व्हरांड्यानं ऐकला. "नरसिंहा, पोरगी तुझी पायरी आपल्या पायानं चढली की जावळ तुझ्या दारात काढीन. तवर तिच्या केसाला लोखंड लावणार न्हाई."

मी तेव्हाच म्हणाले होते ना? "अवो, जगू दे म्हणा नुसतं! चालायचं कशाला घातलं मधी? देवाशी जरा सोपं बोलावं माणसानं."

तुम्ही काय म्हणालात? "मागायचं तर पुरतं मागावं. निम्मं कशाला?"

देवानं निम्मंच दिलं, सोनाबाई. पोरगी जगली. चालत नाही.

वर्षाची झाली तेव्हा बसत नव्हती. तुम्ही नदीच्या वाळूत कमरेएवढा खड्डा करून तिला उभी करायच्या, उन्हानं वाळू तापलेली असायची, अन् ती तुमच्या नाकातली चमकी ओढायची. सुताराकडून पांगुळगाडा करून आणलात. त्याचा दांडा धरून ती उभी राहते आता. उभी राहते, इकडं तिकडं बघते आणि खाली बसते. गाडा तिथंच.

आणि तुम्ही गेलात. कापूस वेचता वेचता बांधावर टेकलात, बायांना म्हणालात, पाणी आणा गं. पाणी येईपर्यंत थांबला नाहीत. सबुरी तुम्हाला कधी होती?

मी आले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. एक जण म्हणालीच, "विहीणबाईच्या डोळ्याला पानी न्हाई बगा." नव्हतंच. अजूनही नाही. मी काय करू? भूक लागते, जेवते. कमलसंगं तुमचा राहिलेला कापूस वेचला. वेचताना बोंडं टोचतात, ते कळतं. बाकी काही कळत नाही. मनात एक टोमणा येतो, तो कुणाला द्यायचा ते उमगत नाही, मग तो जातो. दिवसभर असंच चालतं.

लेकीच्या घरी राहू नये, तिथलं पाणी पिऊ नये, असं मी सगळ्या गावाला सांगत आले. आणि तेव्हापासून तुमच्याच चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे. तुमचा तवा वाकडा आहे. मला एकदा तरी सांगायचं होतं. बाई, माझ्या लेकीनं एवढे दिवस या तव्यावर कशा भाकरी केल्या?

आता केसाचं. पोरीच्या डोक्यात खवडे झाले. आधी एक, मग सगळीकडं. केसाखाली पू, वर खपली, त्याला केस चिकटलेले. रात्रंदिवस किरकिर, खाजवून खाजवून रक्त. सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, केस पार काढा, त्याशिवाय औषध लागायचं नाही. ताप येऊ शकतो. छातीची आधीच नाजूक पोरगी, तिला ताप कशाला पाहिजे?

गावानं लगेच कायदे काढले. पोरगी चालली नाही, म्हणजे नवस पुरा झाला नाही. घरात मयत झालं, म्हणजे वर्षभर जावळ करता येत नाही. शिवाय पौष. बघा की! तुम्ही गेलात म्हणूनच तुमचा नवस फेडता येईना. न्हावी दारातूनच परत गेला. "नवसाचे केस हायेत, मी हात लावत न्हाई, मला बी लेकरं हायेत."

जावईबापूंना मी विचारलं, "मास्तर, डॉक्टर काय म्हणला?"

"केस काढा म्हणला."

"मंग?"

"मायचा नवस हाय."

"शाळेत पोरांना काय शिकवता तुमी?"

"ते शाळंत. हे घरात हाय. मायनं बोललेलं मी मोडायचं न्हाई."

"माय कुठं हाय आता?"

तोंडातून निघून गेलं. माझ्या जिभेला हाड नाही, तुम्हीच म्हणायच्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. कमल मधी पडली, "आये, आता बास." पोरगी डोकं खाजवत रडत होती. जावईबापूंनी सदरा घातला, सायकल काढली. जाता जाता म्हणाले, "तुमाला करायचं ते करा. मी बघायला थांबत न्हाई. पर मग तुमीच सांगा मायला."

"सांगते," म्हणाले मी. "भेते काय तिला?"

कमलनं पोरीला मांडीत घट्ट धरलं. मी कोमट पाण्यानं खपल्या भिजवल्या आणि कापायला घेतलं. मेंढरं कातरताना बघितलीत मी. पोरगी आधी लय ओरडली, मग दमली, मग कोमट पाणी डोक्याला लागलं तसं तिला बरं वाटलं असेल, गप झाली. मी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. खोटं कशाला सांगू? वर जांभळं औषध लावलं. कमलनं नवं झबलं घातलं. वाढदिवसाची पोरगी, डोकं जांभळं, वांग्यासारखी दिसत होती.

वाढदिवस म्हणे! आपण दोघी कधी जन्मलो ते आपल्याला ठाऊक नाही. हिची तारीख मास्तरांनी शाळेच्या कॅलेंडरात खुणेनं लिहून ठेवलेली. संध्याकाळी सेलूहून पेढे घेऊन आले. दारातच थांबले. पोरीकडं बघत राहिले. मी मनाशी म्हणलं, आता ऐकायची तयारी ठेवा, गयाबाई.

तर म्हणाले, "कान मायसारखे हायेत."

खरंच की हो! बाहेर आलेले, टोपलीच्या कड्यांसारखे. दोन वर्षं केसाखाली होते. म्हणून लोखंड लावू देत नव्हतात काय? आधी सांगायचं ना, मी नावं ठेवली नसती. ठेवली असती. पण थोडीच.

मग त्यांनी पोरीला घेतलं, पेढ्याचा कण तिच्या तोंडात घातला, आणि दुसऱ्यांदा औषध लावायची वेळ झाली तेव्हा माझ्या हातातून बाटली घेतली. माझ्याशी बोलले नाहीत. उद्या बोलतील. नाही बोलले तर परवा. तुमचेच चिरंजीव, पण राग धरायलाही तुमच्यासारखी ताकद पाहिजे ना.

आता खरं विचारते. तुम्ही असत्या तर कापू दिले असते का? मला वाटतं, माझ्याशी भांडून भांडून मला हैराण केलं असतं, आणि मग स्वतःच कातर हिसकावून घेतली असती, "तुमाला नीट कापता येतंय व्हय" म्हणून. पण हे मला वाटतं. तुम्ही सांगितलेलं नाही. ते मी तुमच्या नावावर लिहिणार नाही. मोडला तो मी मोडला. दोष लागायचा तो मला लागू द्या, पोरीला नको, कमलला नको, तुमच्या मास्तरला नको.

ती चालेल का, मी डॉक्टरांना विचारलं. "बघू," म्हणाले. त्यांना तरी काय ठाऊक! तुम्हाला तिकडं काही कळत असेल तर ठीक, मला इथं काही कळत नाही.

तेव्हा माझा शब्द घ्या. मी शब्द जपून देते, ठाऊक आहे तुम्हाला. तुमचं वर्ष सरू दे. खवडे जातील, नवे केस येतील. जावळ म्हणता येणार नाही त्यांना, पण केस तिचेच. ते घेऊन मी तिला पोखर्णीला नेणार. चालायची अट मी काढून टाकली आहे. ती तुम्ही घातली होती, मी नाही. चालायला लागली तर बोट धरून पायरी चढवीन. नाही लागली तर कडेवर घेऊन चढेन, आणि देवानं काही विचारलं तर त्याच्याशी मी बोलेन, तुम्ही मधी पडू नका. माझ्या कमरेत जोर आहे तोवर ती माझ्या कडेवर. त्याच्यापुढचं तुम्ही बघा.

तुमचा मान कधी न ठेवलेली,
तुमची विहीण,
गयाबाई