कलकत्त्याचा शिक्का

माधवनगर,
सोमवार, ता. २३ जून १९९७

चि. मयूरी,

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. खोकला आहे, पण तो असतोच. शेजारी आप्पासोंनी घर रंगवायला काढलंय, त्या वासानं डोकं दुखतं. तू मामाकडे नीट जेवतेस ना? साताऱ्यात रिक्षावाले जोरात चालवतात, कडेनं चालत जा.

कलकत्त्याहून काही आलं का, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. मागच्या दोन्ही वेळी मी लिहिलं, पोस्टाचा कारभार ढिला झालाय. ते राहू दे. गुरुवारी तुला साताऱ्यातल्या कॉम्प्युटर कोर्सला प्रवेश घ्यायचाय. तुझ्या वडिलांचा शिरवळहून आप्पासोंकडे फोन आला होता. मुकुल खूश आहे. 'तात्या, तीन वर्षांत पोरगी नोकरीला लागेल, तीही जवळपास,' म्हणाला. मी हो हो म्हणालो. नंतर जेवण गेलं नाही.

परवा नाथाजी पोस्टमननं रस्त्यात गाठलं. 'आवं तात्या, पोरीचं कलकत्त्याला झालं न्हवं? शिक्का बघितलाय म्या. पेढं कवा देताय?'

'देऊ रं गड्या, घाई काय हाय?' म्हणालो, आणि घरी येऊन दार लावून बसलो.

मयूरी, तुझ्या कलकत्त्याच्या प्रवेशाचं पत्र नऊ तारखेलाच आलं. माझ्या ट्रंकेत, गिरणीतल्या जुन्या कोटाखाली होतं. नाथाजीचा काही दोष नाही.

फोडलं मीच. इंग्रजी वाचता येईना, पण तुझं नाव ओळखलं. तुझी आजी अनसूया गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारी तू एकटीच. पण मी स्वतःला दुसरंच कारण सांगत होतो. ब्याण्णव साली शेअरात आपल्या गल्लीतली चार घरं बुडाली, त्या बाजाराच्या वाऱ्याला पोरीनं उभं राहू नये, असं. तू समजावलं होतंस की परदेशी बँका आता गणितवाल्यांना घेतात, भाव किती घसरू शकेल याचा अंदाज बांधायला. त्यासाठी संख्याशास्त्र पक्कं हवं, ते कलकत्त्याच्या संस्थेत शिकवतात, कॉम्प्युटर नंतरही शिकता येतो. मी म्हणालो, जुगार तो जुगार. तू चिडली नाहीस. विचारलंस, 'तात्या, या आठवड्यात किती धागे तुटतील हे तुम्ही सोमवारीच कसं सांगायचा?'

मी सांगितलं, हवा कोरडी झाली की सूत जास्त तुटतं. कुठला माग किती तोडतो हे बघून बघून कळतं. मग तेवढी माणसं आधीच उभी करायची.

'मला हेच शिकायचंय,' म्हणालीस.

तीस वर्षं गिरणीत जॉबर होतो, मागांवरच्या माणसांचा मुकादम. माझ्या कामात कुणी शिकण्यासारखं काही आहे, असं तोवर कुणी म्हणालं नव्हतं. तरी मी पत्र दडवलं.

काल ते विष्णुपंत मास्तरांकडे नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. 'होकार तीस तारखेच्या आत पोचायला हवा. आणि तात्या, हे पत्र तुमच्या नावाचं नव्हतं.' मग तेच म्हणाले, तिच्या नावानं होकाराची तार करून टाका, बोभाटा नको. इंग्रजी मजकूरही लिहून दिला.

आज सकाळी पोस्टात गेलो. फॉर्मवर तुझं नाव लिहिलं आणि हात थांबला. तुला न विचारता एकदा नाही म्हणून झालं होतं. आता न विचारताच हो म्हणायचं? तो फॉर्म फाडला, दुसरा मागून घेतला.

कलकत्त्याचं पत्र, मास्तरांचा मजकूर आणि तारेचा कोरा फॉर्म सोबत आहे. सयाजी कंडक्टर दुपारच्या सातारा गाडीवर आहे. तो हे पाकीट भाऊसोमामांच्या दुकानात देईल. हो की नाही, तूच ठरव. मी काय केलं ते मुकुलला मी सांगतो. माझ्या जेवणाखाणाचा विचार त्यात धरू नकोस. हे वाक्य खोडणार होतो, पण आता काही खोडत नाही.

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरून नव्हे. सयाजी रात्री परत येतो. पाकीट मिळालं, एवढाच निरोप त्याच्याजवळ दे. मी स्टँडवर आहे.

तात्या