नको म्हणजे नको

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेजाऱ्याच्या दारातला बर्फ आपण काढायचा, आणि काढला हे त्याला सांगायचं नाही. — हे आधी लिहून ठेवते. नाहीतर आठवड्याभरात मलाच खोटं वाटायला लागेल.

परवा परत आले. पाच आठवडे लेकीकडे, आर्याकडे — कॅनडात, सास्काटूनला. उणे तीसमधून थेट सिंगापुरात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये! फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवलेल्या बरणीसारखी नुसती पाझरतेय.

तर बर्फ. आर्या ज्या घराच्या तळघरात भाड्याने राहते ते घर डार्लीनचं. सत्तरीची बाई, जन्मभर शाळेची बस चालवली. गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी बघते तर दारापासून रस्त्यापर्यंतची वाट लख्ख. कोणी केली? "शेजारच्याने केली असेल," डार्लीन म्हणाली. तो आधी उठला तर तो हिची करतो, ही आधी उठली तर ही त्याची. मी विचारलं, मग कोणाचं कोणावर किती चढलं हे लक्षात कसं ठेवता? तिला प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारला, तरी नाही!

इथे समोरच्यांचं चपलांचं कपाट चार बोटं पुढे आलंय म्हणून दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलत नाही. आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लोकांच्या कोतेपणावर विनोदी लेख लिहिते. मोठी आले!

विमानतळावर निशिकांतचं पहिलं वाक्य — "काय म्हणाली?" कशी आहेस नाही, दमलीस का नाही. नवरा आहे की कस्टम्सचा माणूस!

"विचार करतेय," म्हटलं.

थाप. आर्या तिथल्या तिथे नाही म्हणाली होती.

१३ फेब्रुवारी

बसमधून उतरताना ड्रायव्हरला मोठ्याने थँक्यू म्हटलं. तिकडे सगळे म्हणतात, कॉलेजची पोरंसुद्धा. इथल्या अंकलने दचकून आरशात बघितलं — बाई काही विसरली की काय!

१५ फेब्रुवारी, रविवार

निशिकांतने परत विषय काढला. विश्वास — त्याचा कॉलेजपासूनचा मित्र — आंग मो किओला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका कंपनीत साहेब आहे. त्याच्याकडे एक जागा आहे, आर्याच्या मापाने शिवल्यासारखी. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही कळवायचं. आणि तिकडे आर्याच्या धान्याच्या लॅबनेही तिला, अजून दोन वर्षं राहा, म्हटलंय. मला पाठवलं ते यासाठी. मुलीला बघायला म्हणून गेले. गेले होते आणायला.

विचारलं मी. पहिल्याच आठवड्यात. बर्फावरून दोघी बदकासारख्या चाललो होतो तेव्हा.

"विश्वासकाकांकडे जागा आहे. येतेस परत?"

"नको गं आई. आय अ‍ॅम ओके हिअर."

झालं. मी पुढे एक अक्षर बोलले नाही. निशिकांतला हे कळणार नाही, कारण त्याने डार्लीनच्या टेबलावर मार खाल्लेला नाही. मी दोनच दिवस आधी खाल्ला होता.

तिने वर जेवायला बोलावलं. तिची आजी युक्रेनची, म्हणून पेरोगी — म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा आणि आंबट क्रीम. चार खाल्ल्या. पोटाचा एक कोपरा भरला. "अजून?" डार्लीनने विचारलं. "नको, नको," मी म्हटलं — आणि ती बाई भांडं उचलून घेऊन गेली!

मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. पन्नाशी उलटली, माझ्या पहिल्या 'नको'वर आजवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आपल्याकडे पहिलं नको रीत म्हणून, दुसरं लाज म्हणून, आणि तिसऱ्याला वाढणारणीने ताटात घालायचंच. आपण ताटावर हात आडवा धरायचा — पण बोटं फाकवून! आर्या शेजारी बसून हसू दाबत होती. खाली आल्यावर तिने मला मॅगी करून दिली. "आई, हिअर नो मीन्स नो, लाह." हे सिंगापुरी शेपूट तिकडेही सुटलेलं नाही.

त्या रात्री राग आला. पण पुढे पुढे काय निवांत वाटायला लागलं! कोणी माझ्या मनात डोकावत नाही. मी म्हणेन ते खरं धरतात. चल म्हणतात, नाही म्हटलं तर 'ओके' म्हणून आपापले निघतात, आणि दुसऱ्या दिवशी तोंड फुगलेलं नसतं. एका बाईचा पाय मी बुटाने चेंगरला, तर सॉरी तीच म्हणाली! असल्या लोकांवर विनोद तरी काय करायचा?

माझा शब्द कोणीतरी जसाच्या तसा घेतला. मग पोरीचा शब्द मी तसाच घ्यायला नको? चोवीस वर्षांची आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चिनी नववर्ष. ब्लॉक शांत, दुकानं बंद. निशिकांत घरी — म्हणजे पळायला जागा नाही. शेवटी खरं सांगून टाकलं.

"कधी नाही म्हणाली?"

"पहिल्याच आठवड्यात."

"आणि तू ऐकून घेतलंस? परत नाही विचारलंस?"

"तिने नको म्हटल्यावर?"

"अगं, नको तर तूही म्हणतेस! आणि मग माझ्या कपातला अर्धा चहा पितेस."

हे मात्र खरं आहे. तसं कबूल केलं नाही. म्हटलं, मुलीचा शब्द म्हणजे चहा नव्हे. तिच्यावर दबाव आणायचा नाही. फोन करून तूही आणायचा नाहीस. वचन घेतलं त्याच्याकडून.

तो उठून आर्याच्या खोलीत गेला. मी नसताना त्याने माणूस बोलावून तिथला एसी धुऊन घेतलाय. पडदेही. मला बोलला नव्हता.

१८ फेब्रुवारी

स्मिताचा फोन. ती अंकाची संपादिका.

"अनघा, दोन पानं ठेवलीत हं तुझ्यासाठी! 'कॅनडाची फजिती' असं काहीतरी. त्या सॉरी-सॉरीवर घे की जरा! तुझी नेहमीची सुरी चालव."

सुरी काढली. बघते तर कापायला काही नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिटिल इंडियात गेले होते. त्या चोवीस तास उघड्या दुकानात मसुरीच्या डाळीचं पाकीट उचललं, मागे बघितलं — कॅनडा! ही डाळ इतकी वर्षं मी आपल्या देशाची समजून शिजवतेय. आर्या लॅबमध्ये हेच बघते. मसुरीचा दाणा थंडीत टिकेल कसा, पिकेल कसा. तिने मला शेतं दाखवायला नेलं होतं. दाखवलं काय, तर क्षितिजापर्यंत पांढरं. "आई, याच्या खाली शेत आहे." मी आपलं, वा वा!

वाटेत गाडी बर्फात रुतली होती. मागून एक ट्रक आला, थांबला. टोपीवाला माणूस उतरला, दोर बांधला, ओढून काढली, हात हलवून गेला. नाव सांगितलं नाही, विचारलं नाही. उणे अठ्ठावीस! आर्याला यात काहीच विशेष वाटलं नाही. माझे डोळे भरून आले आणि पापण्या जागच्या जागी गोठल्या. रडायचीही सोय नाही त्या देशात.

पण त्या क्षणी वाटलं, बरं झालं. पोरगी एकटी नाही इथे. माझ्या उरावरचं एक ओझं त्या टोपीवाल्याने ओढून नेलं. त्याचे आभारसुद्धा मानता आले नाहीत.

पाकीट घेतलं. दोन घेतली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मंडळाचं जेवण. कोणाच्या तरी कॉन्डोचा हॉल. श्रीखंड घेऊन स्मिता पंगतीत. मी म्हटलं नको. तिने डाव पुढे केला. नको. ती हसली, परत पुढे. मी ताट उचलून मागे घेतलं — बोटं न फाकवता! श्रीखंड तिच्या नारायणपेठवर.

"कॅनडाहून आल्यापासून फारच भाव खातेस गं!"

"स्मिता, नको म्हणजे नको असतं."

आजूबाजूच्या माना वळल्या. जणू मी शिवी दिली. निशिकांत मान खाली घालून वरण ओरपत होता. घरी येताना एमआरटीत एवढंच म्हणाला, "तिला साडी ड्रायक्लीन करून दे." मग दोन स्टेशनांनंतर — "श्रीखंड तुला आवडतं."

२४ फेब्रुवारी

आर्याशी रोजच्यासारखा फोन. टोपीवाल्याचं परत आठवलं, ते बोलले. डार्लीनला खास पत्र लिहिणार आहे म्हटलं. तिथल्या ग्रंथालयात म्हाताऱ्यांना फावडी फुकट वापरायला देतात, ते मी इथे सगळ्यांना सांगते, म्हटलं. तू किती चांगल्या माणसांत आहेस!

"हं," आर्या म्हणाली. मग म्हणाली, "तुला खूपच आवडलं ना आई इथे."

म्हटलं, खूपच! आवाजात मुद्दाम उत्साह घातला. तिला अपराधी वाटायला नको, की आईबाप तिकडे वाट बघत बसलेत.

फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं तिच्या धुतलेल्या एसीखाली बसले. मस्त गार करतो.

२५ फेब्रुवारी

लेख लिहून पाठवला. एकही टोमणा नाही. बर्फ, बस, दारातच बूट काढणारे गोरे, सगळ्यांनी आपापला डबा आणून मांडायचं जेवण. स्मिताचं उत्तर — "हे काय, आभारप्रदर्शन?"

हो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निशिकांतने विश्वासला फोन करून नाही कळवलं. माझ्यासमोर केला, स्पीकर न लावता. "नाही रे... तिचं तिकडे छान चाललंय... हो, आनंदच आहे." बँकेत कर्ज नाकारताना जो आवाज काढतो ना, तोच.

मग म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?"

माझ्या मनासारखं! माझ्या मनात काय आहे हे या घरात कोणी विचारलंय का? पण भांडले नाही. त्याने वचन पाळलं होतं, एकदाही तिच्याजवळ विषय काढला नव्हता. त्याला फार जड गेलं असणार. संध्याकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन त्याच्या आवडीचं रोटी प्राटा घेऊन आले. खाल्लं त्याने. दोघांनी बसून खाल्लं.

पोरीला मोकळं सोडता आलं, हे त्या पाच आठवड्यांचं देणं आहे. आधीची मी असते तर रडून, उपास करून, बीपी वाढवून तिला आणली असती. तसं करावं लागलं नाही याबद्दल त्या गोठलेल्या गावाचे, डार्लीनचे उपकार. मनापासून लिहितेय. त्रास होतोय, तो वेगळा.

१ मार्च, रविवार

सकाळी आर्या. तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ. सोमवारी लॅबच्या कागदावर सही करायची आहे म्हणाली. म्हटलं, अभिनंदन!

बराच वेळ नुसतं नाक ओढणं. थंडीमुळे, म्हणाली.

"आई, तू एकदाच विचारलंस."

मला कळेना.

"एकदाच. मी नको म्हटलं, आणि तू गप्पच झालीस! मला वाटलं, उद्या विचारेल. मग वाटलं, निघताना तरी विचारेल. तू एअरपोर्टवर पण डार्लीनबद्दलच बोलत होतीस. आता रोज फोनवर — इथली बस, इथली माणसं, सगळं किती छान. बाबा तर काहीच बोलत नाहीत. मला वाटलं, तुम्हाला दोघांनाही वाटतंय मी इथेच राहावं. मग मी कसं सांगू, घरी यायचंय?"

"ये," मी म्हटलं.

"जॉब गेला ना पण तो?"

"जाऊ दे. ये."

"बघते..."

"बघायचं काय त्यात! ये म्हणते ना मी!"

निशिकांत तिकीट बघतोय. एकाच बाजूचं.