वाकडा एक इंच

३ फेब्रुवारी

आली एकदाची! वर्कशॉपच्या दारात ट्रेलरवरून उतरवताना मागचा बंपर निखळला तो थेट रंगारी काकांच्या हातात. ते बंपर कडेवर घेऊन तसेच उभे. म्हणाले, "मावशी थकल्यात. सामान पुढे पाठवलंय, त्या येतायत मागून." झालं, गाडीचं नाव मावशी पडलं.

महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत बांधलेली. गोल पाठ, चार दारं, दिवे असे की कुणावर तरी डोळे वटारल्यासारखे. बावीस वर्षं एका शेडमध्ये उभी होती. जिथे हात टेकवावा तिथे तळव्याला विटकरी भुकटी.

आणि मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचा अहवाल तू करायचास. सहीही तुझीच." माझी! आजवर मी लिहायचे आणि सही ते करायचे.

गाडी दातांच्या डॉक्टरांची आहे, म्हणजे त्यांच्या वडिलांची होती. शेडची जागा सोडावी लागतेय. भंगारवाला सतराला सकाळी दहाला ठरलेला, इथूनच उचलेल. त्याआधी मी सांगायचं, दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही. डॉक्टर म्हणाले, "मला गोड बोलू नका. गोड मी स्वतः दिवसभर बोलतो. भरायचा की काढायचा, एवढंच सांगा."

घरी येऊन सही तीनदा करून पाहिली. तिन्ही वेगळ्या आल्या.

४ फेब्रुवारी

लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले. चुंबक चिकटला तर पत्रा, गळून पडला तर नुसती पुट्टी. पुढच्या मडगार्डवर तीन ठिकाणी गळून पडला. पायदानाखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत! कुणी बघितलं नाही ना, म्हणून आधी मागे वळून पाहिलं — जसा काही मीच गंज लावलाय.

सगळं तीनदा मोजते. मालक हसतात. हसू देत. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली. आठव्या वर्षापासून घरातला प्रत्येक फॉर्म माझ्या हातचा. बाबा कधी विचारत नसत, बरोबर भरलास का? त्यांना कळणार कसं? म्हणून मीच पुन्हा तपासायचे. माझ्या हातचं खोटं निघालं, असं अजून झालेलं नाही. आणि पहिल्या सहीलाच व्हायला नको.

५ फेब्रुवारी

डाव्या पायदानातून उंदरांचं बिऱ्हाड निघालं. रिकामं. त्यांचा अहवाल आधीच झालेला दिसतोय!

७ फेब्रुवारी

आज काहीतरी सापडलं.

कितीदा रंगवलीय ते बघायचं म्हणून पुढच्या दारावर पॉलिश पेपरने बटणाएवढी खिडकी घासली. वर मरून. मरूनच्या खाली निळा, मग मोतिया, मग हिरवा, मग पत्रा. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं. बघतच राहिले. मग सहज मागच्या दारावर घासली. मरून. निळा. आणि एकदम काळा! मोतिया नाही, हिरवा नाही. वाटलं, मीच जास्त घासलं. दुसरीकडे घासलं. तिसरीकडे घासलं. काळाच.

रंगारी काकांना बोलावलं. त्यांनी दोन्ही खिडक्या पाहिल्या, कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. "पोरी," म्हणाले, "ही एक मावशी नाही. दोन आहेत."

म्हणजे पुढचं धड एका गाडीचं, मागचं दुसरीचं. निळा रंग लागायच्या आधी कुणीतरी दोन अर्ध्या गाड्या जोडल्या. पण कुठे जोडल्या? बाहेरून बोट फिरवलं तर काही म्हणजे काही लागत नाही!

८ फेब्रुवारी

आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. फॉर्म मीच भरला. व्यवसाय: घरकाम. हे दोन शब्द इतक्यांदा लिहिलेत की पेन आपोआप जातं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड पाडून पाहिलं. "कधी फार प्रखर उजेडात काम केलंय का?" मी म्हटलं, "छे, ती घरीच असते." आईने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. तिला अक्षरं येत नाहीत हे बाईंना सांगायचं राहून गेलं होतं! मग दुसरा तक्ता आणला, चित्रांचा. चष्मा सोळाला मिळेल.

९ फेब्रुवारी

जोड सापडला. पुढच्या सीट काढल्या, खालचा कुजका गालिचा सोलला — आणि तिथे! गाडीच्या तळातून आडवा, मधल्या खांबांतून वर, तिथून छतात.

असा जोड मी पुस्तकात पाहिला नाही. एका पत्र्याची कड दुमडून दुसऱ्याच्या दुमडीत अडकवलीय आणि मग गॅसने सांधलीय. पँटच्या आतल्या शिवणीसारखी. टाके मोजता येतील इतकी सारखी ओळ. वेल्डरदादा गुडघ्यांवर बसले आणि काहीच बोलले नाहीत. एरवी दुसऱ्याच्या कामावर ते अर्धा तास बोलू शकतात.

फक्त एक गंमत. उजव्या खांबापाशी येता येता ओळ एकदम थरथरते, वाकडी जाते आणि परत सरळ होते. मोजलं. बरोबर एक इंच. एवढ्या जोडात चुकलेला तेवढा एकच इंच. काय झालं असेल तिथे?

वेल्डरदादा: "नळी मुडपली असेल."
रंगारी काका: "शिंक आली."
मालक: "मालक मागे येऊन उभा राहिला असेल."

मला एकही पटत नाही. शिंकेने ओळ तुटते. ही तुटली नाही, दचकली.

११ फेब्रुवारी

खांबाचं आतलं अस्तर काढलं. कोऱ्या पत्र्यावर टोकदार पोगर ठोकून उमटवलेले तीन ठिपके, त्रिकोणात.

ते ठिपके मी ओळखते. आमच्या पलंगाखालच्या हातोड्यांवर आहेत. बाबांच्या जुन्या, गाड्यांच्या पत्रेकामाच्या दुकानाची खूण. नाव लिहिता येत नव्हतं म्हणून ठिपके.

घरी धावतच गेले. बाबा खिडकीपाशी बसले होते. हात हल्ली फारच कापतात, आई त्यांना कपात अर्धाच चहा ओतते. फोनवर जोडाचा फोटो दाखवला. खूप वेळ पाहिला त्यांनी. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आमच्या दुकानातलं काम आहे ते," म्हणाले. मी म्हटलं, "आणि हा वाकडा इंच?" तर हसायलाच लागले. "मला काय विचारतेस!" विसरले असणार. माझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट.

आतून आई म्हणाली, "जोडाच्या बाजूचा पत्रा किती खाल्लाय?"
"आई, तुला नाही कळायचं. किचकट आहे गं."
"बरं."

आत्ता आठवलं. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा आईने अस्साच दुमडीत दुमड घालून शिवला होता. शेवटपर्यंत उसवला नाही. बाबांनी ही युक्ती तिच्या शिवणीवरूनच उचलली असणार! उद्या वेल्डरदादांना सांगायला हवं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांना सांगितलं. घाबरत घाबरत, पण सगळं. ठिपकेसुद्धा.

ते गाडीभोवती फिरले. "बाबा म्हणाले होते मागून ट्रकने धडक दिली म्हणून. 'थोडं काम काढलंय.' थोडं! मी तेव्हा होस्टेलवर. म्हणजे माझी गाडी अर्धी नकली?"

"अर्धी दुसरी. नकली नाही," मी म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

त्यांनी छतावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आणि जोड? धरून आहे?"

"जोडच धरून आहे. सोडलंय ते बाकीच्यांनी."

खरंच तसं आहे. जोड धडधाकट आणि त्याला चिकटलेला दोन्हीकडचा पत्रा गेलेला. तिथे नवा पत्रा बसवायचा तर तसाच जोड पुन्हा मारायला हवा. तेवढं कुणी करणारं असलं तर मावशी उभी राहते. नाहीतर नाही. डॉक्टर जाताना म्हणाले, "बघा हं. आता मला ती हवीशी वाटायला लागलीय. हे वाईट झालं."

१३ फेब्रुवारी

वेल्डरदादांनी मावशीच्याच पत्र्याच्या पट्ट्यांवर नमुना मारून पाहिला. पहिलीला भोक. दुसरी वाळक्या पानासारखी वळली. तिसरीलाही भोक. त्यांनी चष्मा काढला. "ही जुनी, पातळ, खाल्लेली पट्टी. हिला धाक दाखवून नाही चालत, समजूत घालावी लागते. तो हात माझा नाही. कबूल."

मालकांनी बाहेर दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडे तेच, पुट्टी भरून देतो म्हणाले. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आणि एकदमच दुसरीकडे. बाबांच्या हातांचं त्यांना माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

अहवाल झाला. दोन पानं. निष्कर्ष चार वेळा लिहिला, चारही वेळा तोच: तसा जोड मारणारा हात आज उपलब्ध नाही, म्हणून गाडी दुरुस्त करण्याजोगी नाही. खाली एक ओळ घातली: "मूळ जोड माझ्या वडिलांनी मारलेला आहे, वाचणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे." आपल्या माणसाचं कौतुक करायचं तर ते सांगून करावं.

जेवणं झाल्यावर बाबांना वाचून दाखवला. मी काही लिहिलं की त्यांना ऐकायचं असतं. डोळे मिटून ऐकत होते. त्या ओळीवर डोळे उघडले.

"ते वडिलांचं वाक्य खोड."
"का? खरं आहे ते."
"खोड म्हणतो ना."
"बाबा, लाज वाटायचं काय त्यात? एवढं सुंदर काम! मी खरं ते खोडणार नाही."

आई भांडी घासत होती. नळ बंद झाला. बाबा तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "राहू द्या हो. पहिला कागद आहे तिचा." आणि नळ परत सुरू.

ओळ ठेवली. पण बाबा माझ्याशी बोलले नाहीत त्यानंतर. कशाचा राग आला त्यांना? कळत नाही.

१६ फेब्रुवारी

सही केली. एका फटक्यात आली, बरी आली. त्याचंच वाईट वाटलं.

डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचला. "काढायचा," म्हणाले, आणि कागद नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला. मग विचारलं, "एकदा बसू?" सीट नाहीत, म्हणून रंगारी काकांनी आत रंगाचा डबा उपडा घातला. डॉक्टर डब्यावर बसून स्टीअरिंग धरून राहिले. काका बाहेरून म्हणाले, "मावशींना सावकाश न्या." कुणीच हसलं नाही. काकाही नाहीत.

येताना आईचा चष्मा आणला. तिने घातला, तळहात पाहिला, नळाची तोटी पाहिली. मग म्हणाली, "तो फोटो दाखव." दोन बोटांनी मोठा केला. (हे ती कधी शिकली?) बघतेय, बघतेय.

"काय शोधतेस?"
"काही नाही. दिसतं का ते बघते."

१७ फेब्रुवारी

साडेनऊला बाबा वर्कशॉपच्या दारात. बरोबर आई, नवा चष्मा घालून.

बाबा वेल्डरदादांना म्हणाले, "गॅसची नळी हिच्या हातात द्या." वेल्डरदादांनी मालकांकडे पाहिलं. "पडद्याआड हीच जोडायची. मी नुसता ठोकायचो. गिऱ्हाइकाला कळतं तर गाड्या परत नेल्या असत्या. मग पोरगी झाली आणि हिने नळी ठेवली ती ठेवलीच."

आईने बाह्या सारल्या. चष्म्यावर काळी काच. मावशीच्या दोन पट्ट्या घेतल्या, दुमडीत दुमड घातली, ज्योत लावली. भोक नाही. पट्टी वळली नाही. वेल्डरदादांनी ती चिमट्याने उचलून मागूनही पाहिली.

भंगारवाल्याला डॉक्टरांनी चहा पाजून परत पाठवला.

मी अहवाल मागून घेतला. निष्कर्ष खोडला. वडिलांची ओळ खोडली, वर 'आईने' लिहिलं. आणि आठव्या वर्षापासूनचे ते सगळे फॉर्म? ते कुठे जाऊन खोडू?

आई मावशीत शिरून बसली होती, जोडावरून बोट फिरवत. वाकड्या इंचावर बोट थांबलं.

"आई, इथे काय झालं होतं?"

"इथे?" तिने काच कपाळावर सरकवली. "इथे तू पहिल्यांदा लाथ मारलीस."